घराला एक खोली वाढवायची आहे: वर चढवावी, शिथिलता मागावी की आधी बांधून मग नियमित करावी?

आईला जिना चढवत नाही, मुलाचं लग्न ठरलंय, दहावीतल्या मुलीला अभ्यासाला कोपरा नाही. खोली वाढवायची कारणं घरोघरी अशीच असतात. मग नजर जाते ती घराच्या बाजूला मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याकडे. "ही जागा आपलीच तर आहे" असं वाटणं साहजिक आहे. पण तो पट्टा म्हणजे सामासिक अंतर, नियमाप्रमाणे मोकळी सोडायची जागा. शेजाऱ्याचा उजेड-वारा आणि आग लागली तर आत शिरायची वाट त्यावर अवलंबून असते.

जुळे सोलापुरातला नेहमीचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट घ्या. क्षेत्र १,२०० चौरस फूट, म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ आहे. म्हणजे १,३२० चौरस फुटांपर्यंत बांधता येतं. तळमजला ७०० चौरस फुटांचा असेल तर ६२० चौरस फूट अजून हातात आहेत. बहुतेक घरांची गोष्ट अशीच असते: एफएसआय शिल्लक, पण जमिनीवर जागा नाही.

म्हणून पहिली वाट वर जाण्याची. नियमात बसणारा नकाशा असेल तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला प्रक्रिया सोपी केलेली आहे. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरून कामाला लागता येतं. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. खरा प्रश्न पायाचा असतो. बीम-कॉलमचं घर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. लोड बेअरिंग भिंती असतील, म्हणजे घराचं ओझं भिंतीच पेलत असतील, तर दोनदा विचार करा. आणि जुन्या पेठेतल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरावर मजला चढवण्याचा विचारच सोडा. त्या मातीचं ओझं भिंती आधीच पेलत असतात. गच्चीवर पत्रा टाकला की परवानगी लागत नाही, हाही गैरसमज आहे. छत पत्र्याचं असलं तरी चार भिंती उभ्या केल्या की ती खोलीच. शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली झोपणार कोण?

दुसरी वाट शिथिलतेची. खरी अडचण दाखवता येत असेल तर नियमावलीतली मापं सैल करण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना आहे. मात्र आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. शिथिलता मिळते ती मापांना; एफएसआय त्यातून वाढत नाही. इथेच अनेकांची गल्लत होते. प्लॉट १११ चौरस मीटरचा असला तरी सामासिक अंतरात बांधायचं म्हटलं की ती सोपी प्रक्रिया लागू पडत नाही. लेखी विशेष परवानगी आधी हातात हवी.

अडचण म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. प्लॉट तिकोनी आहे, रस्तारुंदीत पुढचा भाग गेला, एका बाजूला नाला आहे: ही जमिनीची अडचण, आणि ती नकाशावर दिसते. "कुटुंब वाढलं" ही घरोघरची गरज. तेवढ्यावर अर्ज टिकणं मला अवघड वाटतं. गुडघे गेलेल्या आईसाठी तळमजल्यावर खोली आणि संडास-बाथरूम हवं असेल तर मागणी मनापासून रास्त आहे. पण वैद्यकीय कागदांबरोबर दुसरीकडे जागाच कशी उरत नाही, हेही नकाशात दाखवा. शक्य तेवढं कमी मागा. दहा फुटांऐवजी सात फुटांत भागत असेल तर सातच. शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र जोडलेलं बरं, पण ते परवानगीची जागा घेत नाही. अर्ज फेटाळला तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

तिसरी वाट सगळ्यात जास्त सुचवली जाते: "बांधून टाका, नंतर नियमित करून घेऊ." हा सल्ला ऐकू नका. कलम ५३ ची नोटीस आल्यावर बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, हे खरं. पण खोली नियमात बसत नसेल तर तुम्ही पुन्हा शिथिलतेच्याच दारात उभे राहता, तेही भिंत आधीच उभी करून. कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. मालमत्ता करावर दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. प्रशमनाची, म्हणजे शुल्क भरून बेकायदा बांधकाम नियमित करण्याची, २०१७ ची योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. गुंठेवारीची, म्हणजे विनापरवाना तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करण्याची, मुदतही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच वाढवलेली आहे. आज बांधलेली खोली दोन्हींत बसत नाही.

हद्दवाढ भागात प्लॉट गुंठेवारीतला असेल तर खोलीचं नंतर बघा, आधी प्लॉट नियमित करा. जुन्या पेठांमध्ये दाट वस्तीचे नियम वेगळे आहेत. तिथे मूळ निर्देशांक १.५ आहे आणि सामासिक अंतराची अटही सौम्य, त्यामुळे कदाचित शिथिलता लागणारच नाही. पूर्व भागात वाढीव खोलीत यंत्रमाग बसवायचा असेल तर तो निवासी वापर राहत नाही, तसं अर्जात स्पष्ट लिहा.

माझं मत विचाराल तर पाया भक्कम असेल तर वर जा आणि आईची खोली खाली करून तरुणांना वर पाठवा. प्लॉटच वेडावाकडा असेल तर शिथिलता मागा.

अभियंत्याकडे जाताना प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणी नकाशा आणि पहिल्या बांधकामाचा मंजूर नकाशा बरोबर न्या. बाजूचा पट्टा सगळ्यात अरुंद असेल तिथे टेप लावून मोजून ठेवा. पुढून पाच फूट दिसणारा पट्टा मागे साडेतीनच असू शकतो. मंजूर नकाशा सापडत नसेल तर महापालिकेकडून नक्कल मागवा आणि ती हाती येईपर्यंत नवा नकाशा काढायला देऊ नका.