दोन नावं दिसली म्हणजे राउटर ड्युअल बँड होत नाही

गणपतीला सूनबाई पुण्याहून येणार आणि या खेपेला पंधरा दिवस राहून इथूनच ऑफिसचं काम करणार, असं तिनं आषाढातच कळवलं होतं. मला फार आनंद झाला. लगेच वायफायचं बघायला घेतलं. आमचं घर देवगड तालुक्यात, जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. फायबरची जोडणी होती, १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन होता, पण राउटर जुना झालेला.

आमच्या भागात जोडण्या करत फिरणारा एक ओळखीचा माणूस आहे. नाव लिहीत नाही. तो म्हणाला, "काकी, आता ड्युअल बँड घेवा. एक साधो बँड नि एक फाइव्ह जी." ड्युअल बँड म्हणजे वायफायच्या दोन वेगवेगळ्या लहरींवर, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर, चालणारा राउटर. ३,२०० रुपये रोख दिले. बिल मागितलं तर "मागाहून देतंय" म्हणाला. खोका आधीच फोडलेला होता, तर म्हणे तपासून आणलाय. राउटर ओटीवर बसवला. मोबाइलवर दोन नावं दिसली: एक आमच्या आडनावाचं आणि दुसरं त्यालाच पुढे 'फाइव्ह जी' जोडलेलं. मला वाटलं, काम झालं.

ते 'फाइव्ह जी' मागच्या पडवीतसुद्धा येत होतं, तेही दोन-तीन काड्या दाखवत. शेजारणीला मी ते कौतुकानं दाखवलंही. खरं तर संशय तिथेच यायला हवा होता. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झला वेग जास्त, पण भिंत आडवी आली की ती लवकर दम सोडते. आमच्या ओटीपासून पडवीपर्यंत चिऱ्याच्या तीन भिंती. त्या ओलांडून दोन्ही नावं अगदी सारखीच येत असतील तर काहीतरी चुकतंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. वायफायमधलं हे 'फाइव्ह' म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ. मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह जीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे लोकांचा नेमका इथेच गोंधळ होतो आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात.

सूनबाई आली. दुसऱ्याच दिवशी मीटिंग चालू असताना तिचा आवाज तुटायला लागला. ती बिचारी लॅपटॉप घेऊन राउटरच्या शेजारी ओटीवर येऊन बसली, तरी वेग ४०च्या वर जाईना. संध्याकाळी पुतण्या आला. त्यानं फोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या नावावर बोट ठेवून माहिती उघडली. तिथे फ्रीक्वेन्सी लिहिलेली असते. 'फाइव्ह जी' नावाखाली २.४ गिगाहर्ट्‌झ. दुसऱ्या नावाखालीही २.४.

"काकी, ह्यां फाइव्ह नाय गो. दोनव नावां एकाच बँडवर आसत."

त्यानं राउटर उलटा केला. खालच्या बाजूला 'ड्युअल बँड' छापलेला चकचकीत कागद चिकटवलेला. नखानं कोपरा सोडवला तर तो पापुद्र्यासारखा निघून आला आणि खाली कंपनीचं मूळ लेबल दिसलं: एन३००. म्हणजे एकच बँड. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायची सोय अशा साध्या राउटरमध्येही असते. त्याच पाहुण्यांच्या नेटवर्कला त्या जोडणीवाल्यानं 'फाइव्ह जी' नाव दिलं होतं. नाव काय, कोणी काहीही ठेवू शकतो. अँटेना दोन असणं हीही ड्युअल बँडची खूण नव्हे. शिवाय राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड त्यानं आम्हाला दिलाच नव्हता, त्यामुळे आत जाऊन बघायची सोयही नव्हती.

फोन केला तर आधी "बघतंय" म्हणाला, मग उचलेनासा झाला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, पण माझ्या हातात ना बिल, ना पैसे दिल्याचा पुरावा. रोख पैसे दिले, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मग पुतण्यानं दुकानातून एसी१२०० लिहिलेला, म्हणजे खऱ्या ड्युअल बँड राउटरचा, बंद खोका आणला, सीरियल नंबर घातलेलं पक्कं बिल घेतलं आणि पैसे देण्याआधी खोक्यावरचा आणि राउटरखालचा नंबर जुळवून पाहिला. घरी आल्यावर सेटिंगचा पासवर्ड बदलून माझ्या वहीत लिहून दिला. आता ओटीवर आणि माजघरात ५ गिगाहर्ट्‌झवर ९०च्या वर वेग मिळतो, पडवीत ते नाव दिसतही नाही, तिथे २.४च घ्यावं लागतं. सूनबाईचे उरलेले दिवस निर्वेध गेले.

तो माणूस अजून आसपासच्या वाड्यांमध्ये फिरतोच आहे. जुना राउटर मी टाकलेला नाही. ओटीवरच्या फळीवर उलटा ठेवलाय, शेजारी तो सोलून काढलेला कागद. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला मी तो हातात देऊन दाखवला, आणि आमच्याच वाडीतल्या दोघी घरी जाऊन आपापला राउटर उलटा करून बघून आल्या. एकीच्या राउटरखाली तसाच कागद निघाला.