निमुळत्या ग्लासावर लेझर मारायचा जिग, आपल्या एमआयडीसीत करून घेतलेला

काचेच्या ग्लासावर लेझरने नावं टाकून देणारे सोलापुरात आता बरेच झालेत, माझंही त्यातलंच एक दुकान, ट्रॉफ्या, मोमेंटो, की-चेन, लग्नाचे आहेर वगैरे. ग्लास वरपासून खालपर्यंत सरळ असेल तर काही टेन्शन नसतं, मशीनसोबत आलेल्या रोलरवाल्या रोटरीवर, म्हणजे ग्लास फिरवणाऱ्या जोडणीवर, ठेवायचा आणि चालू करायचं. घोळ होतो निमुळत्या ग्लासात, तोंडाला रुंद आणि बुडाला बारीक, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच पाहिजे असतो. त्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या अण्णांकडून जिग, म्हणजे ग्लास नीट धरून ठेवणारा आधार, करून घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. एरवी त्यांचं काम म्हणजे पॉवरलूमचे स्पेअर, बूश, शाफ्ट, घासलेले गिअर. लेझरचं मशीन त्यांनी कधी बघितलेलंही नव्हतं.

आधी अडचण काय ते सांगतो, कारण रोटरी विकणारे हे सांगत नाहीत. माझं मशीन ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर), लेन्स २ इंची. या लेन्सचा फोकस जेमतेम दोनेक मिमी चालतो, त्याच्या पुढे रेघ जाड आणि फिकट. आता ८० मिमी व्यासाचा ग्लास न फिरवता नुसता आडवा ठेवून मारला तर २० मिमी रुंद लोगोच्या कडेला काच सव्वा मिमी खाली गेलेली असते, तेवढं खपून जातं, पण लोगो ४० मिमीचा झाला की फरक सव्वापाच मिमीच्या वर, म्हणजे मधे झकास आणि दोन्ही बाजूंना नुसतं धुकट. त्यामुळे फिरवणं आलंच. निमुळत्यात अजून एक भानगड, तोंड ८० आणि बूड ६० असेल तर आडवा ठेवल्यावर वरची बाजू २० मिमी उतरते, एका टोकाला फोकस लावला की दुसरं टोक गेलं. शिवाय लांब रोलरवर असला ग्लास नीट बसतच नाही, तोंडाकडून टेकतो, बूड अधांतरी, आणि फिरता फिरता हळूच एका बाजूला चालायला लागतो, मग नवरा-नवरीचं नाव जिन्यावरून चढल्यासारखं तिरकं.

अण्णांकडे ग्लास आणि रोटरी दोन्ही घेऊन गेलो. कागदावर ड्रॉइंग काढून नेलं होतं ते त्यांनी बाजूला सारलं, तोंडाला आणि बुडाला व्हर्नियर लावला, ग्लास दोन बोटांवर धरून फिरवून बघितला आणि म्हणाले, "तोंड फिरवू दे मोटर, बुडाला नुसता आधार पायजे बे." बास, अख्खा जिग या एका वाक्यात आहे.

खाली १० मिमीची अॅल्युमिनियम प्लेट, तिच्यात रोटरीचे पाय बसतील अशी खाच. समोरच्या टोकाला उभी पट्टी, पट्टीत लांब गाळा, त्या गाळ्यात वरखाली सरकणारा काटा आणि काट्यावर दोन ६०८ बेअरिंग, प्रत्येकावर रबरी ओ-रिंग चढवलेली. ग्लासाचं तोंड रोलरवर, बूड या दोन बेअरिंगवर, वरची बाजू लेव्हल होईपर्यंत काटा उचलायचा आणि पंखवाला नट आवळायचा. पण खरी अक्कल पुढे आहे. बूड उचललं की ग्लास उतारावरून तोंडाच्या दिशेने घसरणार ना, तर तिकडे त्यांनी नायलॉनची गोल चकती टेकू म्हणून दिलीय, ती पण बेअरिंगवर, ग्लासासोबत स्वतःच फिरते. काठाला ओरखडा नाही, घसरण नाही, आवाज नाही. हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातून आलं. लूमवर धागा कुठे सरकतो आणि कुठे अडकतो हे बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे कळणारच म्हणा.

रिझल्ट एक नंबर. पूर्ण गोल फिरवलं तरी जिथून रेघ सुरू झाली तिथेच येऊन मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, रोलर तोंडाजवळ फिरवतो त्यामुळे खाली जावं तसं डिझाईन आवळत जातं. जिथे व्यास ७० आहे तिथे लोगो टाकायचा तर रुंदी साधारण १४ टक्के वाढवून घ्या, नाहीतर गोल लोगो अंड्यासारखा येतो. हा काही जिगचा दोष नाही, आकारच तसा आहे. पॉवर मात्र कमीच ठेवा, काचेच्या वरच्या थराला बारीक तडे जाऊनच तो पांढरा रंग येतो, जास्त मारलं की कपच्या उडतात आणि बोट फिरवलं की खरखर लागते. मी वर मास्किंग टेप लावतो, ओला कागद लावणारेही आहेत पण ओल रोलरवर उतरली की ग्लास घसरतो. आणि निळ्या डायोड लेझरच्या मशीनवाल्यांनो, जिग केला म्हणून साधी काच कोरली जाणार नाही, तो उजेड काचेतून आरपार जातो, वर काळा रंग फासावाच लागेल.

आता तक्रारी. वेळ हा प्रकार अण्णांकडे नाही. सोमवारी देतो म्हणाले, तो सोमवार कुठला ते विचारायचं राहिलं म्हणावं लागेल, कारण मधे कुणाचा लूम बंद पडला की आपलं काम आपोआप मागे. फोन उचलत नाहीत, मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल. गड्ड्याच्या जत्रेआधी किंवा लग्नसराईच्या तोंडावर काम देणार असाल तर मनस्ताप नक्की. दुसरं, प्लेटच्या कडांची धार मोडलेली नव्हती, घरी आणून मी कानस मारली. तिसरं, उभ्या पट्टीवर मापाच्या खुणाच नाहीत, दर वेळी स्पिरिट लेव्हल घेऊन बसा. बरं, सीओटूने कोऱ्या अॅल्युमिनियमवर काही उमटत नाही, म्हणून अॅक्रिलिकची पट्टी मिमीच्या खुणांसकट कोरून बाजूला चिकटवली, आता ग्लासाचा नंबर बघितला की काटा कुठे लावायचा ते लगेच कळतं. एवढं त्यांनी पंचने मारून दिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. सध्या चार.

पैसे विचाराल तर ऑनलाइन मिळणाऱ्या चकवाल्या (ग्लास जबड्यात पकडून फिरवणाऱ्या) रोटरीपेक्षा बरेच कमी, बेअरिंग आणि मटेरियल धरून. पक्कं बिल लागणार असेल तर आधीच बोला.

दांडीवाले कॉफीचे मग यावर होत नाहीत, दांडी फिरून प्लेटला आपटते. वाईन ग्लासचंही नाव काढू नका, त्याला चकवाली रोटरीच घ्या. हॉटेलवाल्यांचे पाण्याचे ग्लास, लस्सीचे उंच ग्लास, बियरचे निमुळते, एवढ्यासाठी हा जिग बिनधास्त करून घ्या.

जाताना ग्लास एक नाही, वेगवेगळ्या बॉक्समधले दोन-तीन न्या. एकाच कंपनीच्या ग्लासातही तोंडाचा व्यास लॉटप्रमाणे मिमीभर इकडेतिकडे असतो, आणि अण्णा समोर ठेवलेल्या ग्लासाच्या मापाने गाळा कापतात, तुमच्या कागदावरच्या आकड्याने नाही.