इटालियनमधला ओव्हिड: दोल्चे घ्यावा की आंग्विल्लारा?

सोळाव्या शतकात छापलेला ओव्हिड, म्हणजे या रोमन कवीचं ‘मेटामॉर्फोसेस’ हे रूपांतरांच्या कथांचं लॅटिन महाकाव्य, तेही इटालियन पद्यात, आपल्या संग्रही असावं असं एकदा मनाने घेतलं की शोध फिरून फिरून दोन नावांपाशी येतो. एक लोदोविको दोल्चेचं ‘त्रास्फोर्मात्सिओनी’, गाब्रिएल जोलितोने व्हेनिसमध्ये १५५३ साली छापलेलं. दुसरं जोव्हान्नी आंद्रेआ देल्लांग्विल्लाराचं ‘मेतामोर्फोसी’. ते पूर्ण रूपात १५६१ला आलं, पण संग्राहक ज्याच्या मागे असतात ती बेर्नार्दो जुन्तीची १५८४ची आवृत्ती, तीही व्हेनिसचीच. बोन्सिन्योरीचा १४९७चा गद्य ओव्हिड बहुतेकांच्या खिशाबाहेरचा आहे आणि निक्कोलो देल्यि अगोस्तिनीचा १५२२चा धडक्या अवस्थेत क्वचितच हाती लागतो. त्यामुळे खरी निवड या दोघांतच.

दोघांनीही आठ ओळींचा ओत्तावा रीमा हा छंद वापरला आहे आणि दोघांनीही लॅटिनशी भरपूर मोकळीक घेतली आहे. शब्दाला शब्द हवा असेल तर दोन्ही उपयोगाचे नाहीत. आंग्विल्लारा तर प्रसंग फुलवतच नेतो. गीतेच्या ७०० श्लोकांच्या सुमारे ९,००० ओव्या कशा झाल्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

दोल्चेची ओढ आधी डोळ्यांना लागते. जोव्हान्नी अन्तोनिओ रुस्कोनीची लाकडी ठशांची चित्रं मजकुरातच, त्या त्या कथेजवळ येतात. लाकडी ठसा टाइपाच्याच उंचीचा असल्याने चित्र आणि अक्षरं एकाच दाबात, एकाच शाईत उमटतात. त्यामुळे पान कसं एकजीव दिसतं! जोलितोचं फिनिक्स पक्ष्याचं मुद्रकचिन्ह, नक्षीदार आद्याक्षरं, तिरपा टाइप; छपाईचा देखणेपणा हाच निकष असेल तर दोल्चेसमोर आंग्विल्लारा टिकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शिवाय या पुस्तकामागे एक गाजलेलं भांडणही आहे. जिरोलामो रुशेल्लीने त्याच वर्षी छापलेल्या ‘त्रे दिस्कोर्सी’त दोल्चेच्या भाषेवर सडकून टीका केली, आणि १५५३ सालातच दोल्चेची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. म्हणजे ‘१५५३’ एवढंच पाहून पहिली आवृत्ती समजू नका. ‘एडिट १६’ या इटलीच्या राष्ट्रीय सूचीत आवृत्त्यांचा ‘इम्प्रोन्ता’ दिलेला असतो, म्हणजे ठरावीक पानांच्या शेवटच्या ओळींतून उचललेल्या अक्षरांची खूण. विक्रेत्याकडून त्या पानांचे फोटो मागवून ती ताडून पाहता येते.

जुन्तीच्या आंग्विल्लारात चित्रांची तऱ्हाच निराळी. जाकोमो फ्रान्कोचे ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं; काव्याच्या प्रत्येक पुस्तकाला, म्हणजे भागाला, एक, पानभर. त्या एका पुस्तकातले कितीतरी प्रसंग एकाच निसर्गदृश्यात पेरलेले असतात: पुढे मोठ्या आकृत्या, मागे टेकडीवर दुसरी कथा, आणखी मागे तिसरी. कुठे काय चाललंय ते ओळखण्यात वेळ छान जातो. मात्र ताम्रपटाला वेगळा दाबयंत्र लागतो, म्हणून चित्र आणि टाइप यांची छपाई दोनदा होते. त्यात एखादं चित्र तिरकं बसतं, एखादं फिकट येतं. पट झिजल्यावर काढलेल्या छापांत बारीक रेषा पार पुसट झालेल्या दिसतात.

इथपर्यंत पारडं दोल्चेकडे झुकलेलं होतं. माझा निर्णय फिरला तो एका कटकटीमुळे.

ओव्हिडची मूळ पुस्तकं १५. दोल्चेने त्यांचे ३० सर्ग केले. ते नुसते दुप्पट असते तरी चाललं असतं, पण दोल्चेला ‘ओर्लान्दो फुरिओसो’ लिहिणाऱ्या आरिओस्तोचा थाट हवा होता. सर्गाच्या आरंभी दोन बोधाच्या गोष्टी सांगायच्या आणि कथा रंगात आली की सर्ग तोडायचा. त्यामुळे सर्गांच्या आणि पुस्तकांच्या सीमा जुळत नाहीत. मी डावीकडे लॅटिन आणि उजवीकडे इटालियन ठेवून वाचतो. सहाव्या पुस्तकाच्या सुरुवातीला अराक्नी विणायला बसते, ते दोल्चेत कुठे आहे हे अंदाजानेच शोधावं लागतं. पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे. दर वेळी साडेचारशे वर्षांहून जुनी पानं विनाकारण उलटायची. शिलाई कण्याजवळ कुरकुरते, चर्मपत्राची बांधणी ताणली जाते. आवडलेलं पुस्तक आपल्याच हातांनी झिजवतोय, ही जाणीव मला सहन होईना. आंग्विल्लारा १५ची १५ पुस्तकं ठेवतो. सहावं उघडलं की अराक्नी हजर. त्यातून प्रत्येक पुस्तकाअखेरीस जुझेप्पे ओरोलोज्जीच्या टिपा आणि समासात फ्रान्चेस्को तुर्की या लेखकाच्या छोट्या नोंदी असल्याने कथा सापडायला क्षणभरही लागत नाही.

अर्थात या समासातल्या नोंदींचीच आंग्विल्लाराच्या ग्राहकाला काळजी घ्यावी लागते. नंतरच्या शतकांत पुन्हा बांधणी करताना बाइंडर कडा कापत, आणि सुरी नोंदींच्या टोकांवरूनही फिरे. मी अशा प्रती पाहिल्या आहेत: ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं गेलेली, वर नवं सोनेरी कातडं चढवलेलं. बाहेरून राजेशाही, आत लंगडं. त्यापेक्षा डागाळलेल्या साध्या चर्मपत्रातली पूर्ण प्रत मला शतपटीने बरी वाटते.

किमतीचं म्हणाल तर माझ्या पाहण्यात चांगला दोल्चे बहुधा महाग पडतो आणि त्याची चित्रं पाहणारे हात जास्त असल्याने मधलं एखादं पान बदललेलं निघण्याची शक्यताही वाढते. क्वार्टो आकारात, म्हणजे ताव दोनदा दुमडून चार पानं केलेली असतात तेव्हा, साखळीरेषा (हातकागदात उजेडासमोर दिसणाऱ्या, साच्याच्या तारांच्या खुणा) आडव्या जातात आणि जलचिन्ह कण्याच्या घडीत येतं; प्रत्येक पान उजेडासमोर धरून आजूबाजूच्या पानांशी कागद जुळतो का, ते बघा. चर्मपत्राची बांधणी कोकणात किंवा मुंबईत आणणार असाल तर पावसाळ्यात पुठ्ठे वाकणार हे गृहीत धरा. दोन्ही पुस्तकांना ते सारखंच लागू आहे.

तुम्ही मुख्यतः चित्रांसाठी आणि जोलितोच्या छपाईसाठी घेणार असाल तर दोल्चेच घ्या. त्यावर माझी काही तक्रार नाही. पण लॅटिन शेजारी ठेवून वर्षानुवर्षं वाचायचा विचार असेल तर माझं मत जुन्तीच्या आंग्विल्लाराला. फक्त पैसे पाठवण्याआधी १५ही चित्रांचे आणि कुठल्याही तीन-चार पानांच्या बाहेरच्या समासांचे फोटो मागवा, आणि त्यात तुर्कीच्या नोंदींची शेवटची अक्षरं शाबूत आहेत ना, ते एकेक करून वाचा.