गड्ड्यावरचा फोटो: सरळ की तिरका?

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, भरली की अख्खं सोलापूर नटतं आणि तळ्याकाठी ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. प्रश्न एकच, उभं कसं राहायचं?

सरळ समोर उभं राहिलं की खांदे पूर्ण रुंदीने दिसतात. यात्रेतले उंच काठ्यांचे नंदीध्वज पेलणाऱ्यांना, पांढऱ्या बाराबंदीत (बंदांच्या अंगरख्यात), ते शोभतं, रुबाब येतो. इरकलीचा पदर दाखवायचा असेल तरीही चालेल. बाकीच्यांचा मात्र पासपोर्टचा फोटो होतो.

मला तिरकंच पटतं. अंग साधारण ४५ अंशांत वळवा, वजन मागच्या पायावर, चेहरा कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्याच्या जवळ असतं ते मोठं दिसतं, म्हणून कंबर जरा मागेच राहू द्या. हात अंगाला चिकटवू नका. दाबलेला दंड रुंद दिसतो. हनुवटी किंचित पुढे आणि खाली. आमची आत्या ती वर करते, मग फोटोत नुसत्या नाकपुड्या!

घोळक्यात कडेची जागा टाळा, मोबाईलची रुंद लेन्स कडेची माणसं ताणते. आणि भर दुपारचं ऊन? डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, मग सरळ उभे राहा नाहीतर तिरके.