राउटर थंड करून घेतला: राजारामपुरीतील एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

बंद कपाटात ठेवलेला आमचा राउटर एप्रिलच्या दुपारी हात लावता येणार नाही इतका तापत असे आणि वारंवार जोडणी तुटत असे, म्हणून तो कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात नेला. कारागिरांनी तो माझ्यासमोरच उघडला. मुख्य चिपवर पत्र्याचे झाकण होते, पण दोहोंमध्ये थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे वाहून नेणारी मऊ पट्टी, नव्हता, त्यामुळे मधल्या फटीतली हवाच उष्णता अडवून धरत होती. त्यांनी तिथे नेमक्या जाडीचा पॅड बसवला, झाकणावर उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा तुकडा (हीटसिंक) चिकटवला आणि संगणकात वापरतात तो १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा राउटरच्याच यूएसबी पोर्टमधून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर जोडला. इतक्या कमी व्होल्टेजवर काही पंखे सुरूच होत नाहीत, म्हणून दोन-तीन पंखे लावून पाहूनच त्यांनी एक निवडला. तो संथ फिरतो, रात्रीही ऐकू येत नाही, आणि राउटरला तेवढी हलती हवा पुरते. जवळच्या धातूमुळे वायफायचा सिग्नल बिघडू शकतो, हे जाणून हीटसिंक अँटेनापासून दूर ठेवण्याची दक्षता त्यांनी न सांगता घेतली, याचे मला विशेष कौतुक वाटते.

राउटर उघडल्यास वॉरंटी जाऊ शकते, हे मात्र त्यांनी आधी सांगायला हवे होते. आमची मुदत संपलेली होती, म्हणून नुकसान झाले नाही. त्यांच्याच सल्ल्याने राउटर आता कपाटाबाहेर, भिंतीवर उभा टांगला आहे, आणि मे महिन्यात जोडणी एकदाही तुटली नाही.