अग्निशमन दल की रुग्णवाहिका सेवा : मराठवाड्यातील उमेदवाराने निवड कशी करावी

लातूर, नांदेड, बीड येथील भरती अकादम्यांत पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलामुलींपुढे पोलीस आणि सैन्य यांच्याखेरीज आणखी दोन वाटा असतात : अग्निशमन दलातील फायरमन आणि रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक. दोन्ही कामांत जीव वाचवायचा असतो, म्हणून ती जवळपास सारखीच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात पात्रता, शरीरावर येणारा भार आणि मनावर येणारा ताण या तिन्ही बाबतींत ती इतकी वेगळी आहेत की एका कामाला अगदी योग्य असलेली व्यक्ती दुसऱ्या कामात लवकर खचू शकते.

प्रथम पात्रतेविषयी, कारण बहुतेकांची गल्लत येथेच होते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की अन्य अनेक राज्यांत जेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, तेथे आपल्याकडे डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, आणि त्याच्यासोबत पायलट म्हणजे चालक. त्यामुळे बारावीनंतर एखादा आपत्कालीन तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला की १०८ वर रुग्णाशेजारी बसण्याची नोकरी मिळेल, हा हिशेब येथे चुकतो. अशा उमेदवाराला खासगी रुग्णालयांच्या रुग्णवाहिका, अपघात विभाग आणि मोठ्या कारखान्यांची प्रथमोपचार केंद्रे येथे काम मिळते. ते काम मोलाचे आहे, परंतु शुल्क भरण्यापूर्वी हा फरक ठाऊक असलाच पाहिजे. फायरमनसाठी दहावी उत्तीर्ण आणि राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ही नेहमीची अट असते. पुरुषांसाठी साधारणतः १६५ सेंमी उंची, ५० किलो वजन, ८१ सेंमी छाती आणि ती ५ सेंमी फुगणे अपेक्षित असते. गल्लोगल्ली ‘फायर अँड सेफ्टी’ची पदविका देणाऱ्या संस्थांचे प्रमाणपत्र कारखान्यातील सुरक्षा विभागात उपयोगी पडेल, महापालिकेच्या भरतीत ते चालेल असे गृहीत धरून पैसे भरणे धोक्याचे आहे.

आता कामाकडे येऊ. फायरमन म्हणजे केवळ आग विझवणारा असे मानणे अपुरे आहे. मराठवाड्यात दलाला येणाऱ्या वर्दीत, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यांत, कडब्याची गंजी, गॅस सिलिंडर आणि दुकाने यांच्या आगी असतातच. त्याशिवाय विहिरीत पडलेला माणूस किंवा जनावर, झाडाखाली वा ढिगाऱ्याखाली अडकलेले लोक आणि पूर हेही असते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर जिल्ह्यांत पुराने वेढलेल्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या या भागातही फायरमनला उत्तम पोहता का आले पाहिजे, हे वेगळे सांगावे लागणार नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या कारखान्यात लागलेल्या आगीत सहा कामगार दगावले. झोपलेल्या माणसांपर्यंत धुरातून पोहोचणे हे या कामाचे सर्वांत कठीण रूप आहे.

शारीरिक भाराचा अंदाज आकड्यांतून लवकर येतो. आगीत शिरताना घालायचा जाड पोशाख, शिरस्त्राण, बूट आणि पाठीवरचा श्वसनसंच मिळून वीस किलोंहून अधिक वजन होते. हातात असते ती ६३ मिलिमीटर व्यासाची नळी. तिच्या १५ मीटर लांबीत पाणी भरले की नुसत्या पाण्याचेच वजन ४५ किलोंपेक्षा जास्त भरते आणि ती जिन्याच्या वळणावरून ओढत न्यावी लागते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरलेली हवा मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने पाऊण तास पुरावी, पण जोराच्या श्रमात श्वास वाढतो आणि ती त्याआधीच संपते. म्हणून दमसास टिकवणारा आणि घाबरल्यावरही श्वास आवरू शकणारा माणूस केवळ पिळदार शरीराच्या माणसापेक्षा येथे अधिक उपयोगी ठरतो. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आहे. बाहेरच पारा चाळिशीपार असताना या पोशाखातून घाम वाळत नाही, अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, आणि उष्माघाताचा धोका आगीजवळ जाण्यापूर्वीच सुरू होतो.

जिनिंगमधील, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातील, कापसाची आग या भागातील उमेदवाराने विशेष लक्षात घ्यावी. दाबून बांधलेली कापसाची गाठ साधारण १७० किलोंची असते. वरून विझलेली दिसली तरी ती आतून धुमसत राहते, म्हणून गाठी ओढून, फोडून, उसकून पुन्हा पुन्हा भिजवाव्या लागतात. हे काम तासन्‌तास चालते आणि त्यात शौर्यापेक्षा चिकाटी लागते. विहिरीचे काम वेगळ्या तऱ्हेने अवघड असते. बंद पडलेल्या विहिरीत किंवा शौचटाकीत प्राणवायू कमी असतो आणि विषारी वायू साचलेला असू शकतो; एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि एकाच घरातील माणसे पाठोपाठ दगावतात. काठावर आक्रोश चाललेला असतानाही श्वसनसंच लावल्याशिवाय आणि दोर बांधल्याशिवाय उतरायचे नाही, हे ज्याला पाळता येईल त्यानेच या दलात यावे.

रुग्णवाहिकेवरील श्रम बाहेरून हलके दिसतात, कारण तेथे आग नसते. परंतु शेतातल्या वस्तीवरून, चिखलातून, गाडी जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत रुग्णाला स्ट्रेचरवर आणायचे असते. ऊसतोडीच्या फडातून प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन यायचे असते. आणि हे सगळे दोन माणसांनी, फार तर गावकऱ्यांच्या मदतीने. कंबरेचे आणि पाठीचे दुखणे या व्यवसायात सर्वत्र आढळते. हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंमी खोल दाबावी लागते, आणि हात थकून दाब उथळ होऊ नये म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असा नियम आहे. पायलट गाडी चालवत असताना मागे एकटाच डॉक्टर किंवा तंत्रज्ञ असेल, तर बदलणार कोणाला? मण्यार चावलेल्या रुग्णाचा श्वास मंदावत गेला की अंबू बॅग दाबून त्याला श्वास द्यावा लागतो; सहा सेकंदांना एक या गतीने तासाला सहाशे वेळा. किनवटच्या डोंगराळ भागातून नांदेडच्या शासकीय रुग्णालयापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. मोठ्या शहरातला पॅरामेडिक काही मिनिटांत रुग्ण सोपवून मोकळा होतो. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई किंवा लातूरच्या रुग्णालयापर्यंत रुग्णाचा सारा भार त्याच एका माणसावर राहतो.

कीटकनाशक प्यायलेले रुग्ण हा या भागातील सर्वांत जड अनुभव आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध पोटात गेले की लाळ आणि स्राव वाढून श्वासमार्ग भरतो, तो सतत शोषून मोकळा ठेवावा लागतो. शिवाय कपड्यांवर सांडलेले औषध उपचार करणाऱ्याच्या त्वचेतूनही शरीरात जाऊ शकते. शेजारी बसलेला भाऊ किंवा वडील ‘वाचेल ना, डॉक्टर?’ असे विचारत असतात. फायरमनही मृत्यू पाहतो, तेही अत्यंत भीषण रूपात, पण सोबत आठ-दहा सहकारी असतात, बंब असतो, परतल्यावर स्टेशन असते. रुग्णवाहिकेतील माणूस त्या कुटुंबाबरोबर एकटा असतो. माझ्या मते निवडीत हा फरक सर्वांत निर्णायक मानावा.

दूरगामी धोकेही सारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक असल्याचे निश्चित मानून त्याला पहिल्या गटात टाकले. म्हणून आग विझल्यावर ढिगारा उकरतानाही श्वसनसंच न उतरवणे आणि काजळीचे कपडे घरी न नेणे हे नियम गंभीरपणे घ्यावेत. रुग्णवाहिकेवर सुईची इजा, हिपॅटायटिस बी आणि क्षयरोग यांचा धोका असतो. हिपॅटायटिसची लस रुजू होण्यापूर्वीच घ्यावी. संतप्त नातेवाइकांकडून होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, तरी मध्यरात्री आडरस्त्यावर उपयोगी पडते ते शांतपणे बोलण्याचे कसब.

नोकरीच्या स्थैर्यात अग्निशमनाची बाजू वरचढ आहे, परंतु ती महापालिका किंवा नगरपरिषदेत कायम नेमणूक झाली तरच. कंत्राटी फायरमन आणि कंत्राटी रुग्णवाहिका कर्मचारी यांची स्थिती सारखीच असते. दोघांनीही अपघात विमा कोण भरणार आणि साप्ताहिक सुटी प्रत्यक्षात मिळते का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

ज्याला उंचीची किंवा बंदिस्त अंधाऱ्या जागेची भीती वाटते त्याने अग्निशमनाचा आग्रह धरू नये. ज्याला दुसऱ्याच्या वेदनेसमोर तासभर बसवत नाही, पण धोक्यात उडी घेताना मन स्थिर राहते, त्याच्यासाठी अग्निशमनच योग्य. मुलींनी शारीरिक निकषांच्या भीतीने मागे हटू नये. त्यांचे निकष वेगळे असतात आणि ते जाहिरातीत पाहता येतात. जो अठरा-वीस वर्षांचा उमेदवार अजून संभ्रमात आहे त्याने आधी अग्निशमनासाठी प्रयत्न करावा असे मला वाटते, कारण त्या प्रशिक्षणाची वयोमर्यादा लवकर संपते, तर वैद्यकीय साहाय्यक शिक्षणाचे दार त्यानंतरही बराच काळ उघडे राहते आणि दलात शिकलेला प्रथमोपचार तेथे कामीच येतो.