‘टेक’ नीट कळावा म्हणून घेतलेला इंग्रजी-चिनी कोश : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची इंग्रजी-चिनी छापील आवृत्ती मी गेल्या वर्षी मेइयूच्या दिवसांत घेतली. मेइयू म्हणजे चीनमधल्या यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातला जून-जुलैचा चिकट पाऊस. मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे सध्या चीनमधल्या सुचौ शहरात राहतो. ऑफिसात शेजारी बसणारी चिनी सहकारी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. जेवणाच्या सुट्टीत ती मला चिनी शिकवते आणि मी तिला इंग्रजी. हा कोश आमच्या दोघांच्या मध्ये उघडा असतो, आणि बहुतेक वेळा एकाच इंग्रजी शब्दापाशी असतो : टेक (take).

आधी निकाल सांगून टाकतो. कठीण, लांबलचक शब्दांसाठी हा कोश घेऊ नका, त्यासाठी मोबाइल पुरतो. गेट, मेक, टेक, सेट, रन हे शब्द आपल्याला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मात्र हा पैसा वसूल आहे.

चिनी विद्यार्थी याला ‘न्यूजिन’ म्हणतात. ऑक्सफर्डचं चिनी नाव तेच, न्यू म्हणजे बैल आणि जिन म्हणजे नदीचा उतार. चिनी आवृत्ती काढणारी शांगवू यिनशूग्वान ही प्रकाशनसंस्था १८९७ साली शांघायमध्ये सुरू झाली आणि आता बेइजिंगला आहे. मूळ कोशाचा जन्मही आशियातलाच. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. तिथल्या वर्गातल्या अडचणींतून त्यांनी गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर एक कोश रचला. तो १९४२ साली तोक्योत काइताकुशानं छापला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं स्वतःकडे घेतला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांना डोळ्यांसमोर ठेवून तो बांधलेला आहे, हे पानोपानी जाणवतं. अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत दिलेले असतात, आणि अर्थापेक्षा शब्द वाक्यात कसा बसतो याची काळजी जास्त घेतलेली असते.

आता टेककडे वळतो. नोंद पानभर नव्हे, पानंच्या पानं चालते. नुसत्या क्रियापदाचे तिसाहून अधिक अर्थ, त्यानंतर वाक्प्रचार, मग टेक ऑफ, टेक इन, टेक ओव्हर अशी जोडक्रियापदं, आणि शेवटी नाम म्हणून टेक. प्रत्येक अर्थाच्या आधी एक छोटा खुणेचा शब्द असतो : नेणं, फोटो, वेळ, वाहन, परीक्षा, मोजमाप. त्यामुळे सगळी नोंद वाचावी लागत नाही, नजर थेट हव्या त्या जागी जाते. ही सोय किती मोलाची आहे ते पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही. रोज चार-पाचदा तीच पानं उलटायला लागलो, तेव्हा पटलं.

चिनी माणसाला टेक अवघड का जातो, हे मला या नोंदीनं शिकवलं. चिनी शाळेत टेक म्हणजे ‘ना’, हातात घेणं, असं पहिल्यांदा शिकवतात. पण चिनी बोलताना ‘ना’ फार थोड्या जागी चालतं. सहकारीनं नोंदीच्या समासात पेन्सिलीनं एक तक्ता केलाय. एका बाजूला इंग्रजी नाम, दुसऱ्या बाजूला चिनी क्रियापद. औषध असेल तर ‘छ्र’, म्हणजे खाणं. फोटो असेल तर ‘फाय’. अंघोळीला ‘शी’, म्हणजे धुणं. बस किंवा मेट्रोला ‘झुओ’, म्हणजे बसणं. अंगातला ताप बघायचा तर ‘ल्यांग’, म्हणजे मोजणं. टिपणं घ्यायची तर ‘जी’, म्हणजे नोंदवणं. परीक्षेला ‘छानज्या’, म्हणजे भाग घेणं. इंग्रजीत या सगळ्या जागी एकटा टेक. म्हणून मला सर्दी झाली की ती काळजीनं विचारते, ‘डिड यू ईट युवर मेडिसिन?’ तिच्या भाषेत ते अगदी बरोबर आहे.

तिच्या तक्त्याला मी तिसरा रकाना जोडला, मराठीचा. औषध आपण घेतो (गोळी मात्र खातोसुद्धा). फोटो काढतो, अंघोळ करतो, बस पकडतो, ताप बघतो, टिपणं काढतो. म्हणजे मराठीही चिनीसारखीच नामागणिक क्रियापद बदलते. तरी आपल्याला टेक त्या मानानं लवकर वळतो, कारण आपल्याकडे ‘घेणं’ आहे. श्वास घेतो, सुट्टी घेतो, शपथ घेतो, जबाबदारी घेतो, काळजी घेतो, मनावर घेतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत टेक चालतो. मनावर घेणं तर टेक टु हार्टच्या इतकं जवळचं आहे की समजावून सांगायला काही उरत नाही.

जिथे ‘घेणं’ साथ सोडतं तिथे मात्र मराठी माणूसही अडखळतो. परीक्षा हे ठळक उदाहरण. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शाळा ती घेते, म्हणून आपल्याकडची हुशार मुलंही ‘आय गेव्ह माय एक्झाम’ म्हणतात. इंग्रजीत नेमकं उलटं : परीक्षा देतात शिक्षक, टेक करतो विद्यार्थी. चिनी मुलं तिथे ‘जॉइन’ किंवा ‘अटेंड’ वापरतात. आम्ही दोघांनी हे एकाच जेवणाच्या सुट्टीत शोधलं आणि त्या दिवशी जेवण थंड झालं. निर्णयाच्या बाबतीत कोश मेक आणि टेक दोन्ही देतो, आणि टेक हा ब्रिटिश प्रयोग आहे हेही नोंदवतो. चिनीतला निर्णय ‘करायचा’ असल्यानं तिला मेक सोपा जातो, मला ‘घेण्या’मुळे टेक.

वेळेच्या अर्थाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे चिनी शाळांचा एक पक्का नियम आड येतो. तिथल्या माध्यमिक शाळेत स्पेंड, कॉस्ट, टेक आणि पे हे चार शब्द ‘ह्वा’, म्हणजे खर्च करणं, या एकाच चिनी क्रियापदाखाली शिकवतात आणि कर्त्यावरून वेगळे करतात. माणूस कर्ता असेल तर स्पेंड, वस्तू असेल तर कॉस्ट, ‘इट’ असेल तर टेक. परीक्षेत गुण मिळवायला हा नियम उत्तम आहे. पण त्यामुळे ‘द जर्नी टेक्स हाफ अ‍ॅन अवर’ असं वाक्य आलं की तिला चुकल्यासारखं वाटतं, कारण कर्ता ‘इट’ नाही. कोशात या अर्थाखाली वेगवेगळ्या कर्त्यांची वाक्यं ओळीनं दिलेली आहेत, आणि ती वाचून तिची शंका फिटली. सुचौहून शांघायला जलद रेल्वेनं साधारण अर्धा तास लागतो, म्हणून हे वाक्य आमच्या नेहमीच्या वापरात आलं. मराठीत अशा वाक्यात वेळ ‘लागतो’. माझ्या मते या एका अर्थापुरतं ‘लागणं’ टेकच्या सगळ्यात जवळ आहे. ‘इट टेक्स करेज’ला ‘हिंमत लागते’ म्हटलं की काम झालं. चिनीत तिथे ‘श्यूयाओ’, म्हणजे गरज असणं, असं फिरून सांगावं लागतं.

ब्रिंग आणि टेक या जोडीबाबत मात्र चिनी आणि मराठी हातात हात घालून चालतात. चिनीत ‘दाय लाय’ आणि ‘दाय छ्यू’, आपल्याकडे घेऊन ये आणि घेऊन जा. क्रियापद तेच, दिशा पुढच्या शब्दात. कोशातल्या चिनी ओळीत हे लाय-छ्यू ठिकठिकाणी दिसतं आणि मला लगेच कळतं. चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे.

सगळ्यात आनंद देणारी जागा म्हणजे ‘इज धिस सीट टेकन?’ चिनीत विचारतात, ‘जअली यौ रन मा?’ म्हणजे इथे माणूस आहे का? एसटीत आपणही रिकाम्या जागेकडे बोट दाखवून हेच विचारतो : इथे कुणी आहे का? जागा रिकामी समोर दिसत असते, तरी प्रश्न माणसाचा असतो. इंग्रजी तेवढी जागेबद्दल विचारते.

जोडक्रियापदांचा भाग मी अजून संपवलेला नाही. टेक ऑफ विमानाचं, कपड्यांचं, अचानक निघून जाण्याचं आणि धंदा जोरात चालायला लागण्याचंही. टेक इन त्याहून पसरलेलं आहे : निराधाराला घरात घेणं, ऐकलेलं डोक्यात उतरवणं, सैल कपडा आत घेणं, आणि ‘बी टेकन इन’ म्हणजे फसवलं जाणं. या शेवटच्या अर्थाला चिनीत ‘शांग दांग’ आहे. कपडा ‘आत घेणं’ हे शिंप्याकडे आपण रोज म्हणतो, त्यामुळे ते मला पाठ करावं लागलं नाही. टेक आफ्टर, म्हणजे आईबापांवर जाणं, यात मराठीतलं ‘वर जाणं’ मला इंग्रजीपेक्षाही नेमकं वाटतं. टेक टु, टेक अप, टेक ऑन यांतले बारीक फरक कोशातली उदाहरणं वाचूनच कळले. नुसत्या चिनी प्रतिशब्दावर राहिलो असतो तर तिन्ही सारखेच वाटले असते.

वाक्प्रचारांत ‘टेक युवर टाइम’ला चिनीत ‘मान मान लाय’, म्हणजे सावकाश ये. आपण सावकाश होऊ दे म्हणतो. ‘आय कान्ट टेक इट एनी मोअर’ला ‘शौ बू ल्याओ’, आपलं ‘आता सहन होत नाही’. ‘टेक द ब्लेम’ला चिनीत पाठीवर काळी कढई वाहतात. मराठीत खापर आपल्या डोक्यावर फुटतं. दोन्हीकडे भांडंच आहे! ‘टेक समवन फॉर ग्रँटेड’ने मात्र आम्हाला बराच वेळ दमवलं. चिनी ओळीत ‘लीसुओ दांगरान’ येतं, म्हणजे असं असणारच, हे ओघानंच आलं. एखादी गोष्ट गृहीत धरायची असेल तर ते चपखल बसतं. पण माणसाला गृहीत धरणं, त्याच्या असण्याची किंमत न ठेवणं, हा दुखावलेला सूर त्यात येत नाही. तिच्या आईबद्दल बोलताना तिला हाच सूर हवा होता. शेवटी इंग्रजी व्याख्या शब्दशः वाचली, तेव्हा ते सापडलं.

यातून माझ्यापुरती वाचायची पद्धत ठरली. चिनी ओळ आधी झाकायची, इंग्रजी उदाहरण वाचायचं, टेकच्या पुढे कोणतं नाम आहे ते बघायचं आणि मगच चिनीकडे जायचं. द्विभाषिक कोशात मातृभाषेची ओळ डोळ्याला आधी दिसते आणि तिथेच वाचन थांबतं. हा धोका कोणत्याही द्विभाषिक कोशात असतो, मग त्यात मराठी असो की चिनी. दुसरी मर्यादा दिशेची. इंग्रजीतून चिनीत जाता येतं, उलट येता येत नाही. ‘शी झाओ’ला, म्हणजे अंघोळ करण्याला, इंग्रजीत काय म्हणायचं हे इथून मिळणार नाही, म्हणून तिचा समासातला तक्ता कोशाइतकाच लागतो.

तुलनेसाठी एक मोफत अ‍ॅपही काही आठवडे चालवून पाहिलं. त्यात टेक शोधला की पहिल्या पडद्यावर चार-पाच चिनी शब्द स्वल्पविराम देऊन येतात : ना, दाय, झुओ, छ्र. कोणता कधी, हे नाही. त्यावर भरवसा ठेवून तिनं एक मेल लिहिलं आणि बैठकीची टिपणं ‘कॅरी’ केली. वेळ वाचवायचा असेल तर अ‍ॅप ठीक, पण लिहायचं असेल तर पुस्तक उघडावं. उच्चार ऐकण्यासाठी मात्र अ‍ॅपला पर्याय नाही.

एक गोष्ट छापील कोशात सापडत नाही : टेकचे सख्खे भाऊ चिनीतच शिरलेत. तिथली तरुण मुलं ‘गेट’ हा इंग्रजी शब्द चिनी वाक्यात तसाच घालतात. एखादा मुद्दा कळला की ‘गेट दाओ ल’ म्हणतात. मला हे मनापासून आवडतं, कारण ज्या शब्दानं त्यांना शाळेत छळलं तोच त्यांनी आपल्या व्याकरणात बसवलाय.

पुण्या-मुंबईत चिनी शिकणाऱ्यांनी हा कोश घ्यावा का? चिनी अक्षरं वाचता येत असतील तर जरूर. उदाहरणाची वाक्यं समोरासमोर असल्यानं चिनीचंही वाचन होतं, आणि इंग्रजी आपल्याला येत असल्यानं अडत नाही. अक्षरं अजून कच्ची असतील तर थांबा, कारण चिनी उदाहरणांत उच्चार रोमन लिपीत दिलेला नसतो. चीनमध्ये कॉलेजची बरीच मुलं चौथ्या पातळीची इंग्रजी परीक्षा देतात, तिला ते ‘स्सजी’ म्हणतात. तिची तयारी करणाऱ्या मुलांना घरी शिकवत असाल, तर एकच प्रत मध्ये ठेवून वापरा. पेन्सिल जवळ हवी, पेन नको, कागद पातळ आहे.

आमचा टेक अजून टेक ओव्हरपाशी आहे. तो झाला की ती रन काढणार आहे, आणि त्याची नोंद मी आधीच चाळून ठेवली आहे.